भुसावळच्या दहा बाय बाराच्या खोलीत पियानो टिपणारे परवडणारे माइक

आमच्याकडचा उभा पियानो भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील एका घरातून आला. सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे कायमचे राहायला निघालेल्या त्या कुटुंबाला तो बरोबर नेणे परवडणारे नव्हते, आणि चार वर्षे कीबोर्डवर शिकलेली आमची मुलगी खऱ्या पियानोसाठी हटून बसली होती. सहा हमालांनी तो आणून आमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत भिंतीला टेकवला, त्याला आता तीन वर्षे झाली. गेल्या वर्षी तिचे परीक्षेचे वादन सलग, मध्ये कुठेही न कापता चित्रित करून पाठवायचे ठरले. फोनने केलेले पहिले चित्रण ऐकून ती म्हणाली, "बाबा, हा आपला पियानो नाहीच." तिचे म्हणणे खरे होते. फोनमधील ध्वनियंत्रणा बोलण्यासाठी जुळवलेली असते. ती मोठा आवाज आपोआप दाबते, हलका आवाज उचलते आणि पेडल दाबून लांबवलेल्या सुराची शेपटी पंख्याची घरघर समजून पुसून टाकते. तेव्हापासून मी माइकच्या मागे लागलो. हातात एकूण तीस हजार रुपये होते आणि त्यातच स्टँड, वायरी व माइक संगणकाला जोडून देणारा इंटरफेस बसवायचा होता.

काही माइक विकत घेतले, काही ओळखीच्यांकडून आठवड्याच्या बोलीवर आणले आणि सर्व याच पियानोवर, याच खोलीत ऐकले. त्यामुळे खालचा अभिप्राय उभ्या पियानोचा आणि लहान खोलीचा आहे. ज्यांच्या दिवाणखान्यात ग्रँड पियानो मांडलेला आहे त्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि आमच्या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत तसे वाचक फार नसावेत. ज्यांच्याकडे डिजिटल पियानो आहे त्यांनी तर माइकच्या वाटेला जाऊच नये. त्याच्या मागच्या आउटपुटमधून वायर थेट इंटरफेसमध्ये घातली की काम संपले.

गायकाच्या तोंडासमोर माइक धरला की निम्मे काम होते. पियानोला तोंड कुठे असते? ८८ पट्ट्या, सुमारे २३० तारा, आणि त्या सगळ्यांचे कंपन ज्या लाकडी फळीतून खोलीत पसरते तो साउंडबोर्ड. डावीकडच्या पहिल्या पट्टीचा मूळ स्वर २७.५ हर्ट्झचा आणि उजवीकडच्या शेवटच्या पट्टीचा ४,१८६ हर्ट्झचा. त्यांवरचे उपस्वर तर आणखी कितीतरी वर जातात. एकच माइक तारांजवळ नेला तर त्याच्या समोरच्या दीड-दोन सप्तकांचा आवाज पुढे येतो आणि बाकीचा पियानो शेजारच्या घरात वाजत असल्यासारखा वाटतो. म्हणून पियानोसाठी माइक निवडताना पहिला निर्णय कंपनीचा नसून संख्येचा असतो, आणि ती संख्या दोन आहे. एकाच महागड्या माइकपेक्षा त्याच पैशातील साधी जोडी मला प्रत्येक वेळी सरस वाटली.

दुसरा निर्णय प्रकाराचा. डायनॅमिक माइक, म्हणजे भजनी मंडळापासून वाद्यवृंदापर्यंत सगळीकडे दिसणारा, दणकट आणि वीज न मागणारा प्रकार. शूरचा एसएम-५७ हा त्यातील १९६५ पासून चालत आलेला माइक मी हौसेने लावून पाहिला. ढोलकीसमोर किंवा गिटारच्या ॲम्प्लिफायरसमोर त्याला तोड नाही. पण त्याची कंपनीने दिलेली मर्यादाच ४० ते १५,००० हर्ट्झ आहे आणि हलक्या वादनासाठी त्याचा आवाज इंटरफेसवर खूप वाढवावा लागतो. तेवढा वाढवला की इंटरफेसचा स्वतःचा 'स्स' ऐकू येऊ लागतो. पियानोचा नाजूक भाग, विशेषतः सूर विरत जाण्याचा, कंडेन्सर, म्हणजे वीज मागणारा पण अधिक संवेदनशील माइकच चांगला पकडतो. त्याला इंटरफेसकडून, माइकच्याच वायरीतून, ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा लागतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

येथे एक फसगत सांगितली पाहिजे. सुरुवातीला ऑनलाइन बाजारातून, नाव न सांगण्याच्या लायकीचा, स्टँड-जाळी-स्पंज-वायर असे सगळे एकाच खोक्यात देणारा एक 'स्टुडिओ कंडेन्सर' मी मागवला. खोक्यावर सोनेरी अक्षरे होती. आतल्या वायरीच्या एका टोकाला माइकचे तीन पिनांचे तोंड आणि दुसऱ्या टोकाला फोनच्या इअरफोनसारखी बारीक पिन निघाली, तेव्हाच शंका यायला हवी होती. अशा पिनेतून ४८ व्होल्ट येत नाहीत. लावून पाहिल्यावर पियानोच्या मागे सतत जिलेबीच्या कढईसारखा आवाज येत राहिला. तो माइक आता मुलीच्या खेळात आहे. कोणतेही साहित्य घेताना वायरीचे दुसरे टोक कसले आहे ते छायाचित्रात मोठे करून पाहावे. निम्मी फसवणूक तिथेच उघडी पडते.

आता प्रत्यक्ष ऐकलेल्या जोड्यांकडे वळतो.

सर्वांत स्वस्त जोडी बेहरिंगरच्या सी-२ ची. पेन्सिलसारखे लहान माइक, दोघांना एकाच स्टँडवर बसवणारी पट्टी आणि ठेवायला पेटी, असे सगळे एकत्र मिळते. माइकच्या अंगावर खालचे स्वर कापण्याचा आणि आवाज १० डेसिबलने उतरवण्याचा खटका असतो. वाद्यवृंदात वाजवणाऱ्या एका मित्राकडून मी ही जोडी आणली होती. तिचा कल उजळ आवाजाकडे आहे. आमच्या पियानोच्या हातोड्यांचे नमदे जुने होऊन कडक झाले आहेत, त्यामुळे वरच्या दोन सप्तकांत तो उजळपणा मला थोडा जास्त वाटला. ज्यांचा पियानो मुळात मवाळ, दबक्या आवाजाचा आहे त्यांना हीच गोष्ट सोयीची ठरेल. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने या जोडीला कमी लेखू नये.

ऑडिओ-टेक्निकाचे दोन एटी-२०२० जळगावच्या एका परिचितांनी आठवडाभर दिले. हा माइक टोकाकडून नव्हे, बाजूकडून ऐकतो. ही गोष्ट न कळल्यामुळे पहिल्या संध्याकाळी मी दोन्ही माइक पियानोकडे टोक करून लावले आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा का येतो म्हणून तासभर डोके खाजवत बसलो. सरळ लावल्यावर मधल्या सप्तकांचा आवाज अतिशय प्रामाणिक आला. या माइकचा स्वतःचा आवाज, म्हणजे समोर शांतता असताना तो जेवढी सळसळ निर्माण करतो ती, कंपनीच्या तक्त्यानुसार २० डेसिबल आहे. दोन माइक सुटे घ्यावे लागतात आणि अंगाने जाड असल्याने दोघांना जवळ बसवताना खटपट होते, ही त्याची पियानोपुरती अडचण.

रोड कंपनीचा एनटी१-ए हा या यादीतील सर्वांत शांत माइक. त्याचा स्वतःचा आवाज फक्त ५ डेसिबल आहे. ध्वनिमुद्रणावर वाचायला लागले की हा आकडा मनात घर करतो आणि त्याच्यासाठी अंदाजपत्रक मोडावेसे वाटते. माझीही तीच अवस्था झाली होती. मग एका रात्री साडेअकराला सगळे पंखे बंद करून मी फोनवरचे आवाजमापक लावले. ते काही प्रमाणित उपकरण नव्हे, पण त्याने ३४ च्या आसपास आकडा दाखवला. ज्या खोलीची शांतताच एवढी बोलकी आहे, त्या खोलीत ५ आणि २० मधला फरक बहुतेक झाकला जातो. खोलीचा आवाज खालच्या पट्टीतला आणि माइकची सळसळ वरच्या पट्टीतली असल्यामुळे आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही हे मान्य. एखाद्या संथ रचनेच्या अखेरीस हेडफोन कानाला घट्ट दाबून धरले तर फरक सापडतो. पण तो शोधावा लागतो. शेतावरच्या घरात, दगडी भिंतींच्या शांत खोलीत पियानो असलेल्यांनी एनटी१-ए चा विचार जरूर करावा.

मी शेवटी घेतली ती त्याच कंपनीची एम-५ ही जोडी. हे अर्धा इंची डायफ्रॅमचे (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचे) लहान माइक जुळवलेल्या जोडीनेच विकले जातात, क्लिपा आणि स्पंजाच्या टोप्या सोबत येतात, आणि त्यांचा स्वतःचा आवाज १९ डेसिबल आहे. कसलाही खटका नाही. आवाजात कोणताही एक भाग पुढे येऊन उभा राहत नाही. डाव्या हाताचा भारदस्तपणा आणि उजव्या हाताची लखलख एकाच वाद्यातून निघाल्यासारखी ऐकू येते. त्याच कंपनीची वरची पायरी एनटी५ ही जोडी अधिक तपशील देते असे अनेकांचे मत आहे, पण ती माझ्या तीस हजारांत बसत नव्हती.

निवड कशी केली ते सांगतो. तुलना करताना ज्याचा आवाज किंचित मोठा तोच चांगला वाटतो, हा कानाचा जुना खोडसाळपणा आहे, म्हणून आधी सर्व मुद्रणे एकाच पातळीवर आणली. मग मुलीने त्यांना क, ख, ग, घ अशी नावे देऊन चिठ्ठी डब्यात ठेवली आणि मला पाठमोरे बसवून उलटसुलट क्रमाने ऐकवली. मी मोठ्या आत्मविश्वासाने 'ख' हा एनटी१-ए म्हणून निवडला. चिठ्ठी उघडल्यावर तो एटी-२०२० निघाला. त्याहून बोलकी गोष्ट पुढची होती: तिने खोडी म्हणून 'ग' आणि 'घ' ही दोन्ही मुद्रणे एम-५ चीच घेतली होती, फक्त मधल्या वेळेत स्टँड हातभर मागे सरकवला होता, आणि मी छातीठोकपणे ती दोन वेगळ्या कंपन्यांची ठरवली होती.

तेव्हा माइकच्या जागेकडे अधिक वेळ दिलेला बरा. उभ्या पियानोचे वरचे झाकण उघडून दोन्ही टोकांना वरून माइक सोडणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. तसे केल्यास हातोड्यांचा ठोका फार जवळून येतो आणि मधली सप्तके पोकळ पडतात. त्यापेक्षा पट्ट्यांच्या वरची पुढची फळी काढावी. बहुतेक पियानोंत ती आतल्या बाजूच्या दोन खटक्यांवर बसलेली असते. खटके फिरवून ती पुढे झुकवली की हातात येते आणि तारा-हातोड्यांचा सगळा संसार उघडा पडतो. आमच्या शेजारच्या काकांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दारातूनच विचारले, "काय भो, गिरणी उघडली का?" फळी काढल्यावर वादकाच्या डोक्याच्या थोडे मागे, जमिनीपासून पाच फुटांवर, किंचित खाली झुकवून माइक लावले की आवाज खुलतो.

दोन माइकमधले अंतर व कोन यांच्या अनेक रीती आहेत. दोघांची तोंडे एकमेकांजवळ आणून ९० अंशांत लावली तर आवाज सुरक्षित पण अरुंद येतो. दोघांना पियानोच्या दोन टोकांना दूर ठेवले तर तो ऐसपैस येतो, पण त्यात धोका आहे. एखाद्या स्वराला एका माइकपेक्षा दुसऱ्यापर्यंत पोहोचायला ३४ सेंटिमीटर जास्त चालावे लागले, तर तो सुमारे एक सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो; आणि पुढे कोणी ते मुद्रण फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकले, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र झाल्या, की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःलाच खोडून टाकतो. तो मधल्या 'सी' च्या सप्तकातील 'बी' चा परिसर. आमच्या एका मुद्रणात नेमका हाच सूर प्रत्येक वेळी आजारी असल्यासारखा येत होता आणि आम्ही त्याचा दोष तारेला देत होतो. फ्रेंच रेडिओने रूढ केलेली १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंश कोन ही मांडणी मला दोन्हींच्या मधली म्हणून पसंत पडली. शिंप्याची टेप आणि मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक यांवर हे काम भागते. मुद्रण झाल्यावर ते एकदा दोन्ही बाजू एकत्र करून ऐकावे. आवाज पातळ झाला तर समजावे की माइक हलवायला हवेत.

मागच्या बाजूने, साउंडबोर्डजवळ माइक लावण्याचीही पद्धत आहे. तिथे हातोड्यांचा खडखडाट जवळजवळ नाहीसा होतो आणि खर्ज गोड येतो, मात्र बोटांचा स्पष्टपणा हरवतो. पुढचा एक आणि मागचा एक असा मेळ घालायचा असेल तर मागच्या माइकची ध्रुवता, म्हणजे त्याच्या लहरीची दिशा, उलटी करावी लागते, कारण फळी पुढे सरकते तेव्हा तिची पाठ मागच्या माइकपासून दूर जात असते. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे बटण असते. आम्ही हा प्रयोग दोन दिवस केला आणि सोडून दिला.

खोलीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज घुमत राहतो. पियानोच्या डावीकडून दुसरा 'ए' ५५ हर्ट्झचा आहे. परिणाम असा की मुलगी तो सूर कितीही हळुवार वाजवो, तो घागरीत बोलल्यासारखा फुगून येतो. माइक भिंतीजवळ असेल तर आणखीनच. पियानो भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला आणि माइक खोलीच्या नेमक्या मध्यावर व भिंतीलगत येणार नाहीत असे ठेवले, तेव्हा फुगवटा बराच आटोक्यात आला. वरच्या स्वरांचा फरशीवरून आणि रंगवलेल्या भिंतींवरून येणारा चटचटाट घालवायला महागडे फोम लागत नाहीत. आम्ही गच्चीवरची खाट आणून वादकाच्या मागे उभी केली, तिच्यावर कापसाची जाड गादी आणि आजीच्या हातच्या दोन गोधड्या टाकल्या. कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून ध्वनिशोषक साहित्य कुरिअरने मागवणे मला तरी शोभले नसते. खर्जाच्या घुमण्यावर मात्र गादीचा फारसा इलाज चालत नाही.

आवाजाचे शत्रू आमच्याकडे ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना कूलर बंद करून कोणी पंधरा मिनिटे पियानो वाजवू शकत नाही, आणि कूलर चालू ठेवून ध्वनिमुद्रण होऊ शकत नाही. गवताच्या ताट्यांवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज कंडेन्सर माइक थेंबाथेंबाने टिपतो. म्हणून दिवाळी ते होळी हाच आमचा मुद्रणाचा हंगाम, आणि त्यातही लग्नाच्या तिथी टाळून. भुसावळ हे जंक्शन असल्याने मालगाडी रात्रभर कुठून ना कुठून जात असते. तिची घरघर हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येते. स्टँडच्या पायांखाली गोधडीची घडी ठेवल्याने फरक पडला. सी-२ वर असतो तसा खालचे स्वर कापणारा खटका येथे मोहात पाडतो, पण लक्षात असू द्यावे की पियानोच्या डावीकडच्या पहिल्या एकोणीस पट्ट्यांचे मूळ स्वर ८० हर्ट्झच्या खाली आहेत. गाडी कापताना डावा हातही कापला जातो. मी मुद्रण अखंड करतो आणि गरज पडली तरच नंतर, कानाने ऐकत, थोडेसे खालून काढतो.

इंटरफेस घेताना माइकच्या किती जागा आहेत हे मोजून घ्यावे. खोक्यावर 'दोन इनपुट' लिहिलेले असते आणि त्यातला माइकसाठीचा एकच, दुसरा गिटारसाठीचा निघतो. मी असा एक घेऊन बसलो होतो. दुकानदाराने भला माणूस म्हणून बदलून दिला. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेत 'सोलो' ला माइकची एकच जागा आहे आणि '२आय२' ला दोन. बेहरिंगरमध्ये यूएमसी-२०२एचडी ला दोन आहेत. मी हा बेहरिंगरचा घेतला, कारण किंमत कमी होती आणि उरलेले पैसे दोन बऱ्या, आडव्या दांडीच्या स्टँडांना लागले. हलक्या स्टँडवर पाच फुटांवर माइक ठेवणे म्हणजे मांजरीजवळ दुधाचे भांडे ठेवण्यासारखे आहे. पातळी ठेवताना सर्वांत जोरकस ओळ आधी वाजवून घ्यावी आणि काटा शून्याच्या १२ डेसिबल खाली राहील असे बघावे. २४ बिटमध्ये, म्हणजे आवाजाच्या अधिक बारीक मोजमापात, मुद्रण करत असल्यास थोडा कमी आवाज आल्याने काहीही बिघडत नाही, जास्त आल्याने मात्र तो भाग कायमचा फाटतो. सॉफ्टवेअरसाठी फुकट मिळणारे ऑडॅसिटी पुरेसे आहे.

बारीक घोंघावणारा आवाज येत असेल तर माइकला दोष देण्यापूर्वी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. जुन्या घरांत अर्थिंग धड नसते आणि वीज गेल्यावर चालू होणारा साधा इन्व्हर्टर त्यात आपली भर घालतो. आमचा निम्मा त्रास चार्जर काढल्यावर गेला. बॅटरी भरून ठेवायची आणि भारनियमनाची वेळ बघून बसायचे, एवढेच पथ्य.

ज्यांना इंटरफेस, वायरी, स्टँड हा पसाराच नको असेल त्यांनी हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा, असे मी मनापासून सांगेन. झूमच्या एच१एन मध्ये ९० अंशांत बसवलेले दोन माइक अंगचेच असतात, दोन बारीक सेलवर तो चालतो आणि २४ बिटमध्ये मुद्रण करतो. त्याच्या पुढच्या एच१एसेन्शियल या आवृत्तीत ३२ बिट फ्लोट आल्यामुळे पातळी ठरवण्याची कटकटही गेली. टॅस्कॅमच्या डीआर-०५एक्स मध्ये सर्व दिशांनी ऐकणारे दोन माइक आहेत, त्यामुळे तो खर्ज चांगला देतो आणि त्याबरोबर खोलीही जास्त देतो. आमच्यासारख्या खोलीत मी झूमच घेईन. मुलीचा रोजचा रियाज मी आजही रेकॉर्डरवरच घेतो. तिपाईवर, पियानोपासून चार-पाच फुटांवर, बटण दाबले की झाले. जोडीने लावलेल्या एम-५ च्या तुलनेत आवाज थोडा लहान येतो, पण चूक कुठे झाली ते ऐकण्यासाठी तो हवा त्याहून चांगला आहे. यूएसबीचे एकेकटे माइक मात्र पियानोसाठी घेऊ नयेत. ब्लू यती सारख्या एखाद्यात स्टीरिओची सोय असते, पण तो जिथे ठेवाल तिथेच बसतो आणि त्याचे दोन कान वेगळे करता येत नाहीत.

तीस हजारांतला सर्वांत मोठा फरक ज्याने पडला, तो खर्च मात्र माइकच्या यादीत नाही. आमचा पियानो खानदेशचा उन्हाळा आणि पावसाळा सोसून सुरात खाली उतरला होता, आणि ते फोनवर कळत नव्हते. कंडेन्सर लावल्याबरोबर मधल्या आणि वरच्या सुरांच्या तीन-तीन तारा आपापसात भांडताना ऐकू येऊ लागल्या. पेडल उचलताना होणारी 'कुई' ऐकू आली. बसायच्या स्टुलाचा एक पाय ऐकू आला. ट्यूनर आमच्याकडे मिळत नाही, मुंबईहून बोलवावा लागतो, म्हणून आम्ही ते काम दोन वर्षे ढकलत आलो होतो. त्यांनी येऊन दीड दिवस बसून सूर लावला, पेडलच्या सांध्याला थोडे ग्राफाइट लावले आणि जाताना कूलरचा झोत पियानोवर येऊ देऊ नका, असे बजावून गेले. त्यानंतर स्वस्तातल्या सी-२ ने घेतलेले मुद्रण त्याआधी एम-५ ने घेतलेल्या मुद्रणापेक्षा चांगले आले. माइक मागवण्याआधी ट्यूनरला फोन करावा.

एम-५ ला आता चौदा महिने झाले. आमच्याकडची धूळ आणि श्रावणातला दमटपणा कंडेन्सरला मानवत नाही, त्यामुळे काम झाले की दोन्ही माइक त्यांच्या पिशव्यांत घालून, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह पोह्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात जातात. त्यांत अजून कधी चरचर झालेली नाही. परीक्षेचे मुद्रण जानेवारीत पहाटे साडेपाचला झाले. चौथ्या वेळी सगळे नीट जुळून आले, शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत कोणी हलले नाही, आणि तो विरल्यावर लांबून, अगदी हलका, इंजिनाचा भोंगा आला. तो तसाच ठेवून पाठवला.